वसतिगृहातलं ताक
हिंग घातलेल्या ताकाचा वास आला की पेरुंगुडीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहातली एक दुपार आठवते. मी तिथली वॉर्डन. वासामुळे एका खोलीत डोकावले, तर दारू पिऊन शुद्ध हरपलेल्या मुलीला तिची मैत्रीण उताणी झोपवून ताक पाजत होती. त्याने दारू उतरते असा सगळ्यांचा समज. "अगं, श्वासनलिकेत जाईल! कुशीवर वळव तिला," म्हणत मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. "मला का नाही सांगितलंस?" "मॅम, तुम्ही आम्हा दोघींनाही काढून टाकलं असतं." नियम तसाच होता. मुलगी वाचली. मी प्राचार्यांना म्हटलं, "मदत मागणारीला शिक्षा नको." "मग सगळ्याच पितील." "काही जणी आताही पितातच, सर. निदान मरणार तरी नाहीत." कुरकुरत त्यांनी नियम बदलला. हल्ली मुली वेळेवर माझं दार वाजवतात. रागवायचं ते मी दुसऱ्या दिवशी रागावते.