ड्रायव्हरमामा आणि पॉलिशचं मशीन

ड्रायव्हरमामा आरशात बघून दाढी करत नसत. सकाळी उठून ते अंगणात गाडीच्या मागच्या दारासमोर पाट टाकत आणि दाराच्या काळ्या रंगात तोंड बघून वस्तरा फिरवत. गाल कापला गेला तर दोष वस्तऱ्याला नसे. "आज पालिश कमी पडलं," एवढंच म्हणत, रक्त पुसत आणि फडकं घेऊन गाडीकडे वळत.

कराडला मी प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. साठ सालानंतरची दोन-चार वर्षं असतील ती. मी रहिमतपूरची, एकटी. घरात मामा, मामी आणि गाडी. मूल नव्हतं. मामा आटपाडीकडचे, धनगराच्या घरातले. लहानपणी मेंढरं राखली, मग पलटणीत जाऊन लॉरी चालवली, आणि तिथून सुटल्यावर कुणा साहेबाची जुनी विलायती गाडी विकत घेऊन ते लग्नाच्या वरातीला ती भाड्याने देऊ लागले. चालवायला स्वतःच. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरमामा म्हणे. गाडीला ते 'काळी' म्हणत. मेंढरांना रंगावरून नावं ठेवायची सवय गेली नसावी.

काळी धावायला काही खास नव्हती. चढावर धापा टाकायची, पावसात बंद पडायची. पण वरातीच्या गॅसबत्त्या तिच्या अंगावर अशा उमटत की दुप्पट बत्त्या लावल्यासारखं वाटे. "नवरदेवाला आपलं त्वांड गाडीत दिसाया पायजे," मामा म्हणत, "न्हाईतर बैलगाडी काय वाईट हाय?" गावातल्या एका कापडवाल्याने नवी कोरी गाडी भाड्याला ठेवली होती. तरी लोक मामांकडे येत ते त्या चमकेसाठीच. हे मामांना पक्कं ठाऊक होतं. एकदा ओसरीवर बसून ते म्हणाले होते, "चमक गेली की काळी गेली, बाई. आन काळी गेल्यावर मी काय करू? परत मेंढरांमागं जाऊ?" ते हसत म्हणाले नव्हते.

गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मामी म्हणाल्या, "मी पुसते की." तर म्हणाले, "तू भांडी घास." शेजारच्यांनी एक धुणारा माणूस सुचवला, तर त्यांना म्हणाले, "आपल्या म्हातारीला आंघूळ घालाया कुणी भाड्यानं माणूस लावतो काय?" बोलणं त्यांनी तिथेच संपवलं. अशा हट्टाचं लोकांना कौतुक वाटतं. मला तेव्हाही वाटत नव्हतं. हट्टी माणसाच्या घरात राहणाऱ्यांना त्या हट्टाची किंमत आधी कळते.

थंडीत गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. माघातल्या एका पहाटे वऱ्हाड आणायला निघताना हँडल उलटं फिरलं आणि मामांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, लेप लावला, पण त्यानंतर हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हाताने ते घासत राहिले. टपाला हात पोचत नव्हता आणि दारांवर भुरकट गोल उठत होते. त्या उन्हाळ्यात दोन ठरलेल्या वराती कापडवाल्याकडे गेल्या.

पावसाळा सरताना एका सकाळी मी पाहिलं तर मामा ओसरीत बसून मामींच्या कुंकवाच्या पेटीतल्या आरशात बघून दाढी करत होते. मामी चेष्टेने म्हणाल्या, "इतकी वर्सं काळीचं त्वांड बघत हुता, आता माझ्या आरशाची आठवण झाली व्हय?"

दाढी पुरी करून, आरसा पुसून मामा माझ्याकडे वळले. "बाई, पलटणीत साहेबाची गाडी मशीननं घासत. इजेवरचं मशीन. सांगलीला मिळतंय म्हणं. तुमी येता का? त्याच्यासंगं इंग्रजी कागद असतोय, त्यो वाचून दावा."

काळी स्वतःच्या कामाला काढायची नाही हा त्यांचा नियम होता. आम्ही एस.टी.ने गेलो. मामांच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं गाडीचं एक जुनं मडगार्ड होतं. मशीन घ्यायचं ते त्याच्यावर फिरवून बघूनच. कंडक्टर म्हणाला, "मामा, हे काय?"

"मडगार्ड."

"आन गाडी कुठाय?"

"मागनं येतीया. तिचं तिकीट आत्ताच फाडू नगं."

दुकानदार शेट भला माणूस होता. त्याने दोन मशीनं पुढे ठेवली. एक हलकं आणि भलतंच वेगवान. मामांनी ते मडगार्डाच्या कडेला टेकवलं न टेकवलं तोच काळा रंग उडून खालचा पत्रा उघडा पडला.

"हात हलका ठेवायचा, मामा," शेट म्हणाला.

"हलका ठिवायला हात धड पायजे, शेट. ह्यो जरा घसरला की तिचं कातडंच सोलून निघंल."

दुसरं मशीन हळू फिरणारं, पण भरल्या कळशीसारखं जड. मामांनी ते उचललं तेव्हा त्यांनी ओठ चावलेला मी पाहिला. तरी त्यांनी ते मडगार्डावर बराच वेळ फिरवलं, आणि पत्र्यावर विहिरीच्या पाण्यासारखी चमक आली. मग मशीनवर चढवायची लोकरीची टोपी त्यांनी गालावर घासून बघितली. "ही विलायती मेंढरं," ते म्हणाले. "आमच्या मेंढराची लोकर घोंगडीला. गाडीला ती चरे पाडंल."

"तुमच्या खांद्याला झेपणार आहे का हे?" मी विचारलं.

"खांदा माझा हाय, बाई. रंग तिचा हाय."

मी कागद वाचून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मामा मध्ये मध्ये थांबवून विचारत होते. तापल्या पत्र्यावर चालेल का? कोपऱ्यात, कडेला किती दाबायचं? धूळ राहिली तर? वायरच्या टोकाला तीन पितळी काड्यांची पीन होती. शेट म्हणाला, "ही तिसरी तार जमिनीत जोडून घ्या हां, मामा. वायरमनला सांगा."

"आमच्याकडं दोनच भोकं हायती," मामा म्हणाले.

"म्हणून तर सांगतो."

"बरं," मामा म्हणाले, आणि टोपी साबणाने धुवायची की रिठ्याने, हे त्यांनी विचारलं.

वायरमन नवरात्राच्या मांडवांच्या रोषणाईत अडकला होता. दसरा झाल्यावर येतो म्हणाला. मामांना तेवढा धीर नव्हता, आणि त्याला कारण होतं. दसऱ्याला लोक सोनं द्यायला येत, अंगणात गाडी बघत आणि लग्नसराईच्या सुपाऱ्या तिथेच देऊन जात. त्या दिवशी काळी मळकट दिसली असती तर वर्ष गेलं असतं. मामांनी पीन कापली, दोन तारा दिव्याच्या होल्डरला जोडल्या, तिसरी दुमडून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. "दोन तारांवर दिवा लागतोय, मग मशीन का न्हाई चालणार?"

चाललं. चार-पाच सकाळी ते मशीन अंगणात घरघरत होतं. मामा पायात टायरच्या तळाच्या वहाणा घालून उभे असत, मशीनचा भार पोटावर घेऊन. टप झालं, उजवी बाजू पुरी झाली. उजव्या दारासमोर पुन्हा पाट आला, वस्तरा आला. मामींना ते म्हणाले, "मशीन हातात धरलं की मुंग्या येत्यात बघ. खांद्यात रगत फिराया लागलंय." मामींनी देवाला साखर ठेवली. मला विजेतलं काही कळत नव्हतं. मलाही ते बरंच लक्षण वाटलं.

खंडेनवमीला माझ्या शाळेला सुट्टी होती. मामांनी पहाटे काळीला धुतलं. अंगणाच्या फरशा ओल्या होत्या. पूजेच्या दिवशी गाडीपाशी वहाण चालत नसे. हत्यारांची, यंत्रांची पूजा त्या दिवशी, म्हणून मामांनी वहाणा पायरीखाली काढून ठेवल्या. डावी बाजू राहिली होती. निदान पुढचं दार तरी पूजेआधी करून घेऊ, असं मामींना म्हणाले. मामी आत झेंडूच्या माळा ओवत होत्या.

मशीनचा आवाज मी खोलीतून ऐकत होते. तो जागच्या जागी घरघरत राहिला. रोज तो गाडीच्या अंगावरून फिरत असे, लांब-जवळ होत असे. मी बाहेर आले. मामा दाराला टेकून बसल्यासारखे होते आणि मशीन त्यांच्या मांडीवर फिरत होतं. मामी माळ घेऊन त्यांच्याकडे धावत होत्या. मी मामींना दंडाला धरून मागे ओढलं आणि दिव्याचं बटण बंद केलं. नंतर डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

माणसं जमली. कुणी म्हणालं, पूजेत काही राहून गेलं असणार. कुणी म्हणालं, मशीनच अवलक्षणी. वायरमन दसऱ्यानंतर कबूल केल्याप्रमाणे आला. दुमडलेली तार त्याने उलगडून बघितली. ती जमिनीत जोडून घेतली असती तर मशीनच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत गेली असती, इतके दिवस वहाणांनी वाचवलं, असं त्याने सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, आणि चहा न घेता गेला.

पुढे एकदा मामींनी विचारलं. मी जेवायला वाढत होते.

"आवं बाई, त्यांनी शेटला लय गोष्टी इचारल्या म्हणं."

"हो."

"मग ही एक कशी इचारली न्हाई?"

"शेटनं न विचारता सांगितली होती, मामी."

"मग?"

"ती गाडीबद्दल नव्हती."

मामींनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. त्या घरात त्यांनी हे माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलं होतं.

काळी अंगणात तशीच उभी राहिली. उजवी बाजू लखलखीत, डावी भुरकट, डाव्या पुढच्या दारावर परातीएवढं एक चमकतं वर्तुळ. मामी त्या बाजूने जात नसत. पावसाळ्याआधी विट्याचा एक माणूस गाडी बघायला आला. वरातीलाच वापरायची होती त्याला. तो म्हणाला, "मशीन घरात हायच, तर एवढी डावी बाजू पुरी करून घिऊ का? मग नेतो."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "हाय तशी न्या. मशीन बी न्या."

त्याने दोन्ही नेलं. मामी आटपाडीला भावाकडे गेल्या, मी दुसरी खोली बघितली.

पुढच्या वैशाखात विट्याला एका लग्नाला गेले होते. वरात आली ती काळीतून. गॅसबत्त्या तिच्या अंगावर हलत होत्या, पोरं दारात तोंडं बघून वेडावत होती. मी आधी उजव्या बाजूला उभी राहिले, मग गर्दीतून वळसा घालून डाव्या बाजूला गेले. पुढच्या दारावर ते वर्तुळ शोधलं. दार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं चमकत होतं. मामा कुठवर पोचले होते ते मला ओळखता आलं नाही.