फोल्डिंग सायकल आणि नऊ डाग

"आज आप्पाले घर धाडतीन," चेकिंग टेबलापलीकडे कोणीतरी हळूच म्हणालं. मी मान खाली घातली. रिपोर्ट माझाच होता.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी क्वालिटी चेकर आहे. त्या सकाळी पांढऱ्या कापडाच्या ताक्यावर नऊ काळे डाग सापडले. एका रेषेत, नजरेला सारख्या अंतरावर. असं दिसलं की आम्ही रोलरला दोष देतो. मशीनच्या रोलरला ग्रीस लागलं तर तो प्रत्येक फेऱ्याला डाग पाडतो. मी 'रोलर' लिहून मोकळी झाले. मशीन आप्पांचं. धुळ्याकडचे, बावीस वर्षं मिलमध्ये असलेले ऑपरेटर.

"दो बार साफ किया था, साहब," आप्पा सांगत होते.

"तो दाग आसमान से टपका?" आमच्या खात्याच्या डाइंग मास्टरनी गेटपासचं बुक पुढे ओढलं. गेटपास म्हणजे आत्ता घरी जा. परत कधी बोलवायचं ते मिल ठरवणार.

रिपोर्टमध्ये अंतराचा रकाना रिकामा होता. तो भरायला मी टेप घेतली. रोलरचा फेरा बदलत नाही. इथे अंतर कुठे दोन बोटं कमी, कुठे चार बोटं जास्त. शिवाय प्रत्येक डाग बरोबर घडीवर, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे.

मशीनमधून निघालेलं कापड ट्रॉलीत घडीवर घडी पडत साचतं. त्या घड्यांना बाहेरून काही घासलं, तर कापड उलगडल्यावर डाग असेच ओळीने दिसतात. या ताक्याची ट्रॉली सकाळपासून माझ्या टेबलाशेजारी उभी होती. मधल्या फटीत माझी सायकल.

ही फोल्डिंग सायकल मी हौसेने घेतली. बमरोलीच्या घरून शेअर रिक्षात ती पायाशी मावते, हायवेपासून मिलपर्यंत चालवता येते, चोरीची धास्ती नाही. चाकं लहान, त्यामुळे खड्डा थेट पाठीत कळतो, आणि घरी तिसऱ्या मजल्यावर उचलून नेताना दम लागतो. एवढंच मला माहीत होतं. दुमडल्यावर चेन बाहेरच्या अंगाला येते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पांढरी चिंधी चेनवर दाबली. तोच काळा, चकचकीत डाग. मग ताक्यावरच्या एका डागाला डाग काढायचं लिक्विड लावलं. निघाला.

गप्प राहणं मला नेहमीच सोपं जातं. पण मास्टरनी पेन उघडलं होतं.

"सर, रोलर साफ है. दाग मेरी साइकिल के हैं. धुल जाएँगे."

चिंधी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, सायकलकडे पाहिलं, पेन बंद केलं.

आप्पा आधी हसले. "गेटपास सायकलले द्या, साहेब!"

सगळे हसले. मास्टर नाही.

"सुबह क्यों नहीं बोली?"

"सुबह नापा नहीं था, सर. देखकर लिख दिया था."