टिप्याला गुण आला

ही गोष्ट माझ्या नवऱ्याच्या कानावरही मी कधी घातली नाही. आज बोलतेय — का, ते विचारू नका.

नव्वदनंतरची वर्षं होती. बारामतीत मेडिकलच्या दुकानात काम करत होते, तिथून लग्न होऊन पळसदेवला आले. औषधांची नावं तोंडपाठ, म्हणून सासरी सगळे कौतुकानं डॉक्टरीणबाई म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणायचो. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. बोलायचे ते टिप्याशी. टिप्या म्हणजे कानावर पांढरा ठिपका असलेलं गावठी कुत्रं. सकाळी दोघं धरणाच्या पाण्याकडं जायचे. कोळ्यांकडून तात्या त्याच्यासाठी मासळीची आतडी मागून घ्यायचे. मग त्याचं पोट बिघडायचं, आणि मी नुकतीच सारवलेली ओसरी — काय सांगू! नुसता संताप व्हायचा.

तात्या म्हणायचे, ताक पाज, पोट जाग्यावर येईल. मला हसू यायचं. घरातल्या आजारपणात उरलेल्या कॅप्सुली मी डब्यात जपून ठेवायचे. त्यातली एक तात्यांच्या नकळत फोडून भाकरीच्या काल्यात कालवायची. दुसऱ्या दिवशी टिप्या टुणटुणीत! गुण आला की औषध बंद, उरलेलं पुढच्या खेपेला — आमच्याकडं माणसांचंही असंच चालायचं. पुन्हा पोट बिघडलं की पुन्हा एक. काही वर्षं हेच चाललं.

एका उन्हाळ्यात त्याचं पोट थांबेना. रक्त पडायला लागलं. मी गुपचूप कॅप्सूल दिली, परत दिली — गुण येईना. शेवटी तात्यांनी इंदापूरहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. इंजेक्शन भरता भरता त्यांनी मला विचारलं, "याआधी काही औषध दिलंय का?"

तात्या माझ्याकडं बघत होते. घरची डॉक्टरीण ना मी? काय बोलले असेन?

"न्हाय. ताकाशिवाय काय न्हाय दिलं."

ताक! जे मी एकदाही पाजलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या कॅप्सुलीतलंच औषध सुरू केलं. ते लागू पडणार नाही हे मला दिसत होतं. तरी ते आले की मी हात धुवायला पाणी द्यायची आणि गप्प उभी राहायची. त्यांनी औषध बदललं तेव्हा टिप्याला मान उचलवत नव्हती.

तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, अर्धंमुर्धं औषध सारखं पोटात गेलं की आतले जंतू त्याला कोडगे होतात, आणि विरजणासारखे चांगले जंतू असतात ते मरतात. पण याला तर काहीच दिलं नव्हतं, मग असं कसं झालं, याचं त्यांनाच कोडं पडलं होतं. कोडगं कोण झालं होतं, ते मला कळत होतं.

तात्यांनी त्याला शेताच्या बांधाला पुरलं. येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मीच मारलं त्येला. आतडी चारली मी."

तेव्हा तरी तोंड उघडायला नको होतं का मी? तो माणूस पुन्हा पाण्याकडं गेला नाही. ताटात मासा दिसला की ताट सरकवायचे. आणि मी त्यांची समजूत काढायची — तात्या, तुमी मुद्दाम थोडंच केलं, म्हणून. म्हणजे दोष त्यांच्याच पदरात नीट बांधून द्यायची.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरी," म्हणाले, "मी आतडी चारायचो, अन् तू ताक पाजायचीस. लई केलंस तू त्येचं."

मी पाण्याची वाटी त्यांच्या ओठांना लावली.

"व्हय, तात्या," मी म्हणाले.