सोमवारची सुरमई एरर ठरली तेव्हा

नाताळच्या सुट्टीतल्या सोमवारी देवबागच्या एका खानावळीचा सर्व्हर सकाळपासून सारखा बंद पडून आपोआप सुरू होत होता. जेवणाच्या ऑर्डर ॲपवर येत. सर्व्हर पडला की अर्धवट भरलेली ऑर्डर पुसली जायची.

ॲप मी आणि माझा पार्टनर अल्ताफ यांनी मालवणात बसून बनवलेलं. खानावळ सुलभावहिनींची. त्यांचा फोन आला.

"झिला, तुझो सर्व्हर परत झोपलो. गिरायकां शेजारी जेवूक गेली. दुपारपर्यंत उठलो नाय तर तुझा ॲप काढून टाक."

मेमरी ठीक होती, डेटाबेस ठीक होता. मग लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरने आपल्या कामाची केलेली नोंद. आधी ती साध्या कन्सोल लॉगने व्हायची, सगळ्या ओळी एकाच आवाजात. महिन्यापूर्वी मी एक छोटी लॉगिंग लायब्ररी, म्हणजे आयता कोड, बसवली. ती सर्व्हरला अडवत नाही आणि प्रत्येक ओळीला पातळी देते. साधी गोष्ट इन्फो, लक्ष द्यावं अशी वॉर्न, बिघाड एरर. अल्ताफने वर एक राखणदार प्रोग्राम ठेवला होता. एररची रांग लागली की तो सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करी.

लॉगमध्ये एररची रांगच होती. मजकूर एकच: 'सोमवारी सुरमई मागितली.'

वहिनींकडे सोमवारी मासे शिजत नाहीत. त्या दिवशी मेनूतून सुरमई काढू का, असं मी लायब्ररी बसवताना विचारलं होतं.

"काढू नको. मासो दिसलो नाय तर लोक आत येवचे नाय."

ॲपने नम्रपणे नकार द्यावा आणि नोंद करावी, असं ठरलं.

"ही नोंद साधी, की चूक?"

"सोमवारी मासो मागणां चूक नाय तर काय?"

मी एरर लिहिलं. एरवी सोमवारी गिऱ्हाईक तुरळक, त्यामुळे निभावलं. नाताळात पर्यटकांनी सुरमईवर बोट ठेवायला सुरुवात केली.

अल्ताफने लॉग वाचला. "वहिनींचो सोमवार सर्व्हराक लागलो मरे!"

बदलायचा होता एकच शब्द. पण नियम वहिनींचा होता. मी फोन लावला.

"वहिनी, ह्यां आता वॉर्न करतंय."

"म्हणजे?"

"नुसती ताकीद."

"आणि परत मागल्यानी तर?"

"परत ताकीद."

"म्हणजे शिक्षा कायच नाय! एररच्या वर काय आसा?"

"फेटल. सर्व्हर मरताना लिवतत."

"तां श्रावणाक ठेव. आता उठव त्याका."

शब्द बदलला. त्या दिवशी सर्व्हर पुन्हा पडला नाही. सुरमईच्या नोंदी संध्याकाळपर्यंत येत राहिल्या, सगळ्या वॉर्न. ॲप काढलं गेलं नाही. नकार मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी काळ्या वाटाण्याची आमटी मागवली.