कमाल बोली कुणाला माहीत?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी उठून दाराची कडी पुन्हा तपासतो.

हैदराबादच्या चिक्कडपल्ली भागात मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. जामबागच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या एक मराठी बाई आल्या. देवघरातले चांदीचे टाक चोरीला गेल्याची त्यांची फिर्याद आमच्याकडे होतीच. आता तेच टाक एका ऑनलाइन लिलावात दिसत होते. बाईंनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. विक्रेत्याचा संदेश होता, ‘बोली बढ़ाइए, वरना गला देंगे.’

“सासूबाईंनी जाताना माझ्या ओंजळीत दिले होते, साहेब. देव वितळवतील हो!”

विक्रेत्याने गाव जयपूर लिहिलं होतं. वर्णनात मात्र ‘परसों दादाजी लाए थे.’ मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. आजोबांच्या जमान्यातलंही परसोंच. चोर गावातलाच होता.

त्या लिलावात आपण कमाल बोली गुप्तपणे नोंदवतो. समोरचा चढला की साइटच आपल्या वतीने एकेक पायरी चढते, त्या मर्यादेपर्यंत. बाईंविरुद्ध बोली लावणारा प्रतिस्पर्धी दर वेळी त्या मर्यादेच्या नेमक्या एक पायरी खाली थांबत होता; म्हणजे गुप्त आकडा त्याला कळत होता.

“तुमचा आकडा कोण टाकतं?” मी विचारलं.

“वरचे भाडेकरू. मला बारीक अक्षर दिसत नाही. टाक लिलावात आहेत हे त्यांनीच दाखवलं. घराची किल्लीही त्यांच्याकडे असते. भला माणूस!”

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि बाई रोज त्याच छताखाली झोपत होत्या.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. भाडेकरूने त्या सकाळीच नवा आकडा टाकून दिला होता. ठाण्यात बसून आम्ही तो गुपचूप बराच वाढवला. बाईंना हिमायतनगरला बहिणीकडे पाठवलं. घरी धाडायची माझी छाती होईना.

दुपारी प्रतिस्पर्धी चढू लागला. अंदाजाने चढणारा माणूस पुढे गेला असता. हा सकाळच्या आकड्याच्या एक पायरी खाली थांबला.

भाडेकरूला चौकशीला आणलं. “मेरेकू कायकू पकड़े साब? बाई माँ सरीकी है मेरी.”

“इस घर में कब आए?”

“परसोंच आया साब.” तो तिथे कित्येक वर्षं राहत होता. मी लिलावातलं वर्णन आणि दुपारची बोली त्याच्यासमोर ठेवली. “और ये परसों भी तुम्हाराच है ना?” त्याची मान खाली गेली.

पंचांसमक्ष त्याच्या खोलीची झडती घेतली. टाक सापडले, बाईंच्या देवघराच्या बरोबर वर.

न्यायालयाच्या हुकमाने देव परत मिळाले. त्यांना कुंकू लावता लावता बाईंनी विचारलं, “साहेब, मला धीर देऊन तो वर जायचा आणि बोली चढवायचा?” मी हो म्हणालो. त्यांनी उरलेल्या टाकांनाही कुंकू लावलं.

चोराला भिऊ नका, असं मी तोवर नोकरीभर लोकांना सांगत आलो होतो. त्यानंतर सांगितलं नाही. साइटने बाईंचं गुपित नीट सांभाळलं होतं. फुटलं ते घरात, धीर देणाऱ्याच्या हातून. बाईंनी कुलूप बदललं. तरी वरच्या रिकाम्या खोलीत पावलं वाजतात म्हणून त्या अजून मला फोन करतात. तिथे कुणी नसतं हे मला ठाऊक आहे. तरीही मी दर वेळी जाऊन बघून येतो.