गॅलरीतल्या हिरव्या बाटल्या

परळच्या आमच्या चाळीत शेजारचे भाऊजी गॅलरीत बाटल्यांमधून शेवाळ वाढवतात. दूध डेअरीचं सांडपाणी त्यानं स्वच्छ होतं म्हणे. सकाळी स्वतःच्या चहाआधी ते एकेक बाटली उन्हाकडे फिरवतात आणि दरडावतात, "चला, कामाला लागा!"

मला हे आधी ठाऊक नव्हतं; दिवाळीच्या साफसफाईत मी त्या सगळ्या बाटल्या काथ्याने घासून लख्ख केल्या. वर कौतुकाने त्यांना दाखवल्याही!

"अहो वहिनी, ते शेवाळ मी मुद्दाम वाढवत होतो," भाऊजी म्हणाले. काय झालं ते कळल्यावर मला रडूच फुटलं.

"होईल हो, वहिनी," म्हणत त्यांनी माझा हिरवा काथ्या घेतला आणि डेअरीच्या पाण्याच्या बाटलीत पिळला.

पंधरा दिवसांत ती हिरवीगार झाली. हल्ली तिला ऊन मीच दाखवते. भाऊजींनी तिच्यावर चिठ्ठीच तशी चिकटवलीय: 'वहिनींचं शेवाळ'.