पोलादी पाखरं

पोलादपूरने जगाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर माझा मावसभाऊ, आमचा दादा, संकोच न करता ‘मी’ असं उत्तर देत असे. पेशाने तो दवाखान्यात कंपाउंडर होता. दोन वर्षं मुंबईत राहून आला, तो खांद्यापर्यंत केस आणि एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन. डॉक्टरांनी केसांना हरकत घेतली, तेव्हा त्याने ते कापले. गिटार मात्र मिक्श्चरच्या बाटल्यांमागे उभी राहिली. सिनेमाच्या गाण्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. ‘गाणं स्वतःचं हवं आणि औषधासारखं हवं. अडीच मिनिटांत घशाखाली!’ हे त्याचं तत्त्वज्ञान. बाटलीवर डोसाच्या खुणांसाठी चिकटवायच्या कागदांवर तो गाणी लिहायचा. त्यामुळे एका म्हातारीने खोकल्याच्या औषधाबरोबर ‘तुझ्या छत्रीची काडी मोडली गो’ हे गाणंही घरी नेलं होतं.

बँड काढायचा ठरला तेव्हा मी महाडला कॉलेजात होतो. ‘गिटारला सहा तारा, बासला चार. तुला चारच झेपतील,’ असं म्हणून दादाने माझी नेमणूक केली. बास आमच्या पाट-चौरंग करणाऱ्या सुताराने फणसाच्या लाकडाची बनवली. पावसाळ्यात ती फुगायची आणि आवाज घागरीसारखा यायचा. ड्रमवर मिलिंद. उमरठजवळच्या बौद्धवाडीतला हा शांत मुलगा जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवून तयार झालेला, आणि नोकरीच्या कॉलची वाट बघणारा. नावावर आम्ही तीन आठवडे भांडलो आणि ‘पोलादी पाखरं’ हे ठरलं. गाणी तोवर दोनच होती.

पहिला कार्यक्रम महाडला एका लग्नात झाला. वऱ्हाडाने सिनेमाच्या गाण्याची फर्माईश केली. दादाने माइकवर जाहीर केलं, ‘आमचा बँड फक्त स्वतःचीच गाणी वाजवतो.’

‘मग स्वतःच्याच लग्नात वाजवा!’ नवरीचा मामा ओरडला.

एका म्हाताऱ्या पाहुण्याने तेवढी दाद दिली. ‘गाना बरा हाय रे, पन मानूस बसायच्या आत संपतो.’

गणपतीतल्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला वीज गेली. गिटार मुकी, माझी बास मुकी, एकटा मिलिंद वाजवत राहिला आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. दादाने त्याचा अर्थ लावला, ‘महाड आपल्यासाठी तयार होतंय.’ पुढे वर्षभर आम्हाला कुणी बोलावलं नाही.

मग एक दिवस मिलिंद दवाखान्यात आला. त्याचं लग्न ठरलं होतं.

‘दादा, वाजवायला तुमीच पायजे. पन तिकडच्या मान्सांना सिनेमाची गानी हवीत. नायतर ते दुसरा बँड सांगतायत.’

दादाने हातातली बाटली खाली ठेवली. ‘मिलिंद, आपलं एक तत्त्व आहे.’

‘हाय ना. म्हनून तर इचारायला आलो. नाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. जेवायला तरी या.’

तो गेल्यावर मी दादाची समजूत घालायला गेलो, तर ‘बासच्या तारा बदल’ एवढंच म्हणाला.

शिवथरला मिलिंदच्या लग्नाच्या मांडवात दादाने भर दुपारी दोन तास सलग सिनेमाची गाणी म्हटली. नवी, जुनी, शोकाची, कॅबरेची. एकाही ओळीत अडखळला नाही. मी थक्क होऊन कानात विचारलं, ‘ही कधी पाठ केलीस?’

‘शत्रूची माहिती ठेवावी लागते,’ तो म्हणाला आणि पुढचं सुरू केलं.

ड्रमवर मिलिंदच्या जागी दुसऱ्या कुणालाही बसू द्यायचं नाही, असा दादाचा हट्ट होता. शेवटी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नवरदेव स्वतःच उठला, बाह्या सारल्या आणि येऊन बसला. नवरी पदराआड हसत होती. दादा माझ्याकडे पाठ करून गात होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

पुढच्याच महिन्यात मिलिंदला मुंबईत नोकरी लागली. एसटीच्या खिडकीतून तो म्हणाला, ‘दादा, दुसरा ड्रमवाला बघा.’

‘बघतो की,’ दादा म्हणाला.

त्याने चौघांना बोलावून बघितलंही. खरं सांगायचं तर चौघेही मिलिंदपेक्षा सरस होते. दादाने प्रत्येकाचं वाजवणं मन लावून ऐकलं, चहा पाजला, ‘छान वाजवतोस, कळवतो हं,’ असं सांगून दारापर्यंत सोडलं. कळवलं मात्र कुणालाच नाही.